आत्यांनी कप डाव्या हातात का धरला?

पत्र: ताई, महिन्यापूर्वी लक्ष्मीपुरीत रविवारच्या बाजाराला गेले होते. भाजी घेऊन परत येताना रस्त्याकडेला एकजण पोतं पसरून जुन्या वस्तू विकत बसला होता. कुलपं, पितळी नळ, बंद घड्याळं आणि त्यात हा पांढरा चिनीमातीचा कप. 80 रुपयांना घेतला. पण कप विचित्र आहे. वरचं अर्धं तोंड बंद आहे, म्हणजे अर्धं झाकण कपालाच जोडलेलं. एका अंगाला बोटाएवढी तोटी, आणि तोटीच्या मुळाशी आतून पाच बारीक भोकं. कान तोटीच्या समोरासमोर नाही, आडव्या बाजूला आहे. उजव्या हातात धरला तर तोटी माझ्याच तोंडाकडे वळते. तोटीच्या टोकाला पिवळट-काळा गोल डाग आहे, तो कशानंही निघत नाही. बुडाचा शिक्का पुसलाय, 'इंग्लंड' एवढंच लागतं.

विकणारा म्हणाला, साहेबाची चहाची किटली. मिस्टर म्हणतात मिशीवाल्यांचा कप, अँटिक आहे, हजारात जाईल. नववीतला मुलगा म्हणतो वासुदेव प्याला. योगाच्या वर्गातली मैत्रीण म्हणते नेतीचं, म्हणजे नाक धुवायचं भांडं. आत्यांना (माझ्या सासूबाईंना, वय 78) दाखवला, तर त्यांनी तो डाव्या हातानं उचलला, अंगठा त्या अर्ध्या झाकणावर ठेवला, पदरानं तोटीचं टोक पुसलं आणि खाली ठेवून म्हणाल्या, "हे घरात नको." एरवी आत्या डाव्या हातानं भाकरीचा तुकडासुद्धा कुणाला देत नाहीत. आता कपाचा विषय निघाला की त्या उठून आत जातात. हा कप आहे तरी कशाचा? त्यातनं चहा-दूध घेतलं तर चालेल का? आणि आत्यांचं काय बिनसलं?
(शिवाजी पेठ, कोल्हापूर)

उत्तर: ताई, हा आजाऱ्याला पाजायचा कप आहे. आम्ही वॉर्डात त्याला फीडिंग कप म्हणायचो. मी 31 वर्षं परिचारिका म्हणून काढली. नोकरीला लागले तेव्हा वापरात तामचिनीचे आणि स्टीलचे कप होते, पण वॉर्डाच्या कपाटात वरच्या फळीवर तुमच्यासारखे दोन चिनीमातीचे कप ठेवलेले असायचे. तुमचं पत्र निम्मं वाचून झालं तेव्हाच तो कप माझ्या डोळ्यापुढं आला होता. पुढं आत्यांचा मजकूर वाचला आणि पत्र परत पहिल्यापासून वाचायला घेतलं.

आधी कपाचं सांगते. आपल्याकडं तान्ह्या बाळाला दूध पाजायला बोंडलं असायचं. चांदीचं, पितळेचं, पुढं निमुळती तोटी. तुमचा कप म्हणजे मोठ्या माणसाचं बोंडलं समजा. ज्याला उठून बसता येत नाही त्याला साध्या कपानं पाणी पाजून बघितलंय का कधी? निम्मं गळ्याखाली, निम्मं उशीवर. कप जरा कलता केला की पाणी सगळ्या काठावरनं येतं आणि नाकापर्यंत जातं. म्हणून वरचं अर्धं तोंड बंद केलं. कप कितीही कलला तरी द्रव त्या झाकणाखाली अडतो आणि तोटीतनंच बाहेर येतो. उरलेलं अर्धं तोंड उघडं ठेवलं ते भरायला, धुवायला, आणि आत किती उरलंय ते बघायला.

ती पाच भोकं म्हणजे गाळणी. सगळ्या कपांना ती नसते, तुमच्याला आहे. तांदळाची पेज, भाताचं पाणी, नाचणीचं आंबील यात एखादं शीत किंवा गुठळी राहतेच. ती तोटीत अडकली तर पाजणारा कप आणखी कलता करतो, गुठळी सुटते आणि सगळं एकदम घशात जातं. आजाऱ्याला तेवढ्यानं ठसका लागून जीव घाबरा होतो. इंग्लंडात यातनं मांसाचं पातळ सूप पाजायचे. कोल्हापुरात काय पाजत असतील ते मी तुम्हाला सांगायला नको. दुखण्यातनं उठणाऱ्याला आपल्याकडं अळणी देतात, मटण शिजवलेलं ते बिनतिखटाचं पाणी. अळणी कितीही गाळा, तळाशी मटणाचे बारीक तंतू राहतातच.

आता तो न निघणारा डाग. तो रबराचा असणार. आजारी माणूस दातानं तोटी चावतो. झटका आलेला माणूस तर नकळत जबडा आवळतो. चिनीमातीची कड तुटली तर ओठ कापायचा. म्हणून तोटीवर रबरी नळीचा बोटभर तुकडा चढवायची पद्धत होती. रबर जुनं झालं की चिकट होतं, मग कडक होतं, आणि निघताना आपला वण ठेवून जातं. तो डाग घासू नका. या कपातनं खरोखर कुणीतरी प्यायलंय, याची तेवढीच एक खूण तुमच्यापाशी आहे.

बाकीचे अंदाज आता झटपट बघू. मिशीचा कप खरंच असायचा. 1860-70 च्या सुमारास इंग्लंडात मिशांना मेण लावायची फॅशन होती, गरम चहाच्या वाफेनं मेण वितळायचं आणि मिशा चहात बुडायच्या. म्हणून कपाच्या काठाला आतून आडवी पट्टी असायची, मिशी पट्टीवर टेकायची आणि खालच्या फटीतनं चहा यायचा. मिस्टरांचा अंदाज त्या अर्ध्या झाकणावरनं आला, आणि तसा तो वाईट नाही. पण मिशीच्या कपाला तोटी नसते. नेतीच्या भांड्याला तोटी असते, पण तिचं टोक नाकपुडीत बसेल असं निमुळतं करतात आणि आत गाळणीचं काही कारण नसतं. चहाच्या किटलीला पूर्ण, निघणारं झाकण असतं.

मुलाचा अंदाज मला सगळ्यात आवडला. वासुदेव प्याल्यात मधे वासुदेव, डोक्यावर कृष्ण, आणि आत लपवलेली वाकडी नळी असते. पाणी कृष्णाच्या पायाला लागेपर्यंत चढतं, तिथं नळीचा वाक भरतो, आणि सगळं पाणी बुडाच्या भोकातनं वाहून जातं. यमुना ओसरली असं दाखवायचं. मुलाला सांगा, बुडाला भोक आहे का बघ, नसेल तर वासुदेव नाही. आणि एखाद्या सुट्टीला त्याला टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये घेऊन जा. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 1940 च्या दशकात सापडलेला पोसायडन तिथं आहे, ग्रीकांचा समुद्रदेव, ब्राँझचा, लहानसाच. दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्यापारातनं तो पंचगंगेच्या काठी आला. त्याच्याबरोबरची भांडीसुद्धा नाव-पत्ता घेऊन आली नव्हती. आकार बघून, कड बघून, कुठं झिजलंय ते बघून माणसांनी ओळखली. तुमचा मुलगा घरी बसून तेच करतोय.

पैशाचं म्हणाल तर मिस्टरांना नाराज करावं लागणार. हे कप दवाखान्यांसाठी आणि घरोघरी वापरायला ढिगानं बनायचे. शिक्क्यात 'इंग्लंड' आहे याचा अर्थ बहुधा 1891 नंतरचा. त्या वर्षापासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं आणि तिकडचे कारखाने ते सरसकट घालू लागले. नुसतं 'इंग्लंड' असेल तर कप थोडा जुना, 'मेड इन इंग्लंड' असेल तर शक्यतो विसाव्या शतकातला. याच्यापुढं पुसलेल्या शिक्क्यावरनं काही काढू नये. हजाराची आशा सोडून द्या.

आता कानाकडं या. तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य मला ते वाटतं: "उजव्या हातात धरला तर तोटी माझ्याच तोंडाकडे वळते." या कपांचे दोन प्रकार असतात. एकात कान तोटीच्या बरोबर समोर, किटलीसारखा. दुसऱ्यात कान आडव्या अंगाला, तुमच्यासारखा. आडव्या कानाचा कप ज्याला स्वतःचा उजवा हात उचलता येतो अशा आजाऱ्याच्या सोयीचा. तो पडल्या पडल्या स्वतः धरतो, तोटी आपोआप त्याच्या ओठाशी येते. पण हाच कप डाव्या हातात धरा. कान डावीकडं गेला की तोटी समोर जाते, म्हणजे पलीकडच्या माणसाकडं. उजवा हात मोकळा राहतो.

तो मोकळा हात कशाला, ते मी एका बाईकडं शिकले. नोकरीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. एक जुने पैलवान अर्धांगवायू होऊन आले होते. आयुष्य तालमीत गेलेलं, मान खांबासारखी. ती मान आम्हा नर्सेसना एका हातात तोलायची नाही. नियमानं आम्ही डावा हात मानेखाली घालायचो आणि उजव्यानं कप धरायचो, आणि दोन घोटांत हात थरथरायला लागायचा. त्यांची बायको दोन दिवस बघत बसली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "सिस्टर, द्या इकडं." तिनं कप डाव्या हातात घेतला आणि उजवा हात, ज्या हातानं आयुष्यभर भाकरी थापली तो, मानेमागं घातला. जोर तिथं लागतो, कपाला जोर लागत नाही, हे तिनं बघून ओळखलं होतं. डावा अंगठा झाकणावर. घोट गिळला की मान हळूच उशीवर ठेवायची, उजवा हात काढायचा आणि पदरानं तोटीचं टोक पुसायचं, थेंब छातीवर पडू नये म्हणून. मग पुन्हा हात मानेमागं. वाटीभर अळणी पाजायला पाऊण तास लागायचा. मी नंतर कित्येक नातेवाइकांना तसंच पाजायला शिकवलं.

आता आत्यांनी काय केलं ते पुन्हा वाचा. डावा हात. अंगठा झाकणावर. पदरानं तोटी पुसली, कप कोरडा असताना.

ताई, ज्यानं हा कप पहिल्यांदा बघितला तो असा धरणार नाही. तुम्ही स्वतः तो उजव्या हातात धरून बघितलात, मी असते तर मीही तसाच धरला असता. आत्यांना जे आठवलं ते हाताला आधी आठवलं. कुणाला पाजत होत्या, किती दिवस, आणि शेवटी काय झालं, ते मला माहीत नाही आणि मी अंदाज करणार नाही. सासरा असेल, आई असेल, भाऊ असेल. पण त्यांनी कुणाला तरी असल्या कपानं पाजलंय, एवढं मी 31 वर्षांच्या नोकरीच्या बळावर सांगते. डाव्या हातानं तुकडा न देणारी बाई डाव्या हातानं पाजत होती म्हणजे उजव्या हातात काय वजन असेल ते बघा.

म्हणून "आत्या उगीच अपशकुन मानतात" असा जो सूर तुमच्या पत्रात मला दोन ठिकाणी जाणवला, तो आधी सोडा. "कुणा आजाऱ्याचं उष्टं भांडं घरात नको" असं त्यांनी म्हटलं असतं तर गोष्ट वेगळी होती. तेवढं त्या म्हणाल्याच नाहीत.

काय करायचं ते सांगते. सगळ्यांसमोर विचारू नका, मुलाच्या कुतूहलाच्या भरात तर अजिबात नको. कप शोकेसमध्ये असेल तर आजच काढा आणि कपड्यात गुंडाळून आत ठेवा. आठ-दहा दिवस विषय बंद. मग एखाद्या दुपारी तुम्ही दोघीच शेंगा फोडत किंवा भाजी निवडत बसला असाल तेव्हा एवढंच म्हणा, "आत्या, तो कप कशाचा ते कळलं मला. तुम्ही कुणाला पाजत होता?" "का रागावला होता" असं विचारू नका, त्यावर उत्तर "कुठं रागावले" हेच येणार. कुणाला, हे विचारा. नाव सांगणं सोपं असतं. नाव आलं की पुढचं येतं, त्या दिवशी नाही तर चार दिवसांनी. नाहीच आलं तर दुसऱ्यांदा खोदू नका.

बोलून झाल्यावरही त्या "घरात नको" म्हणाल्या तर कप घरात ठेवू नका, एवढं माझं स्पष्ट मत. 80 रुपयांच्या वस्तूसाठी 78 वर्षांच्या माणसानं स्वतःच्या घरात उठून आत जावं, हे बरोबर नाही. एखाद्या नर्सिंग कॉलेजला विचारा, मुलींना दाखवायला त्यांना असली वस्तू हवी असते. आणि त्या "राहू दे" म्हणाल्या तर कुठं ठेवायचा ते त्यांनाच ठरवू द्या.

तुमचा मधला प्रश्न राहिला, चहा-दुधाचा. नाही, यातनं काही पिऊ नका. उष्ट्याचं म्हणाल तर उकळत्या पाण्यानं ते भागलं असतं. खरी अडचण दोन ठिकाणी आहे. जुन्या चिनीमातीच्या झिलईत आणि वरच्या रंगात शिसं असू शकतं, ते नुसतं बघून कळत नाही, आणि गरम किंवा आंबट पदार्थ ते ओढून घेतो. चहा, ताक, सोलकढी, लिंबूपाणी, यातलं काहीच नको. लहान मुलांना आणि पोटुशी बाईला तर मुळीच देऊ नका. दुसरं म्हणजे झाकणाखालचा कोपरा आणि तोटीची आतली बाजू तुम्हाला कधीच नीट घासता येणार नाही. झिलईला केसासारख्या चिरा असतील तर त्यातही घाण मुरते. हे कप मागं पडले त्यात या कारणाचा मोठा हात होता. स्टीलचं भांडं उकळता येतं, पडलं तरी फुटत नाही. शिवाय वाकणारी स्ट्रॉ निघाली. तिचं पेटंट 1937 सालचं, अमेरिकेतलं, आणि पहिली गिऱ्हाइकं दवाखानेच होते, पडून पिणाऱ्यांसाठी.

आणि पत्र वाचणाऱ्या कुणाच्या घरी आत्ता अंथरुणावर माणूस असेल तर असा कप शोधत बसू नका. तोटीनं घोट केवढा जातो ते पाजणाऱ्याच्या हातात राहत नाही. माणसाला शक्य तेवढं बसतं करा, पाठीला उश्या लावा, हनुवटी किंचित छातीकडं झुकलेली असू दे, मान मागं पडलेली नको. लहान चमच्यानं थोडं थोडं द्या. घशाची गाठ वर जाऊन खाली आलेली दिसली की मगच पुढचा चमचा. पाजून झाल्यावर अर्धा तास आडवं करू नका. खोकला येतोय, आवाज घरघरता, ओला लागतोय असं वाटलं तर थांबा आणि डॉक्टरांना सांगा. अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेल्या माणसाला पहिल्यांदा काही पाजण्याआधी गिळता येतंय का ते डॉक्टरांकडनं तपासून घ्या. घाई करू नका, पाऊण तास लागला तर लागू दे.

कप धुवायचाच असेल तर कोमट पाणी आणि साबण, बाटली धुवायचा बारीक ब्रश तोटीतनं अलगद घाला. झाकणाखाली पांढरं साचलं असेल तर ते पाण्याचा क्षार, व्हिनेगरचा बोळा थोडा वेळ ठेवलात की सुटेल. रबराच्या डागाला मात्र हात लावू नका. आत्यांना कदाचित तो दाखवावासा वाटेल.